ट्रेंड तर झाला, आता अर्ज कुठे द्यायचा?

समाजमाध्यमांवरून मोहीम चालवणाऱ्या तरुण वाचकांचे, आणि त्यांच्या काळजीत पडलेल्या घरच्यांचेही, प्रश्न बरेच साठले होते. सारखे प्रश्न एकत्र करून, नावं गाळून, इथे घेतले आहेत. कायद्याबद्दलची उत्तरं सर्वसाधारण आहेत. हातात प्रत्यक्ष नोटीस असेल तर हा अंक बाजूला ठेवून आधी वकील गाठा.

आम्ही स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं. एका मागणीसाठी रविवारी संध्याकाळी एक्सवर हॅशटॅग चालवला, तो ट्रेंडमध्ये वर आला. सोमवारी सगळं शांत. कुठे चुकलं?
– एक विद्यार्थी, नवी पेठ, पुणे

वार चुकला, आणि बहुधा मागणीही.

आधी वाराचं. ट्रेंडची यादी एकूण पोस्ट मोजत नाही, थोड्या वेळात वेग किती वाढला ते बघते. दिवसभरात पसरलेल्या पाच हजार पोस्टपेक्षा अर्ध्या तासातल्या हजार पोस्ट वर जातात, म्हणून रविवारी सगळे मोकळे असताना ट्रेंड करणं सोपं वाटतं. पण ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो अधिकारी रविवारी कार्यालयात नसतो. कामाच्या दिवशी सकाळी अकरा-साडेअकराची वेळ धरा. बातमीदारांचीही तेव्हा दिवसाची जुळवाजुळव चाललेली असते.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे एकच मजकूर शंभर खात्यांवरून चिकटवणं. यंत्रणा त्याला स्पॅम समजते आणि त्या पोस्टचा प्रसार कमी करते. तयार मजकूर द्यायचाच तर पंधरा-वीस वेगवेगळी वाक्यं द्या, आणि निम्मी जागा प्रत्येकाला स्वतःच्या शब्दांत भरू द्या. कोणत्या तारखेला कोणती परीक्षा बुडते, वयोमर्यादा कधी संपते, असं.

हॅशटॅग देवनागरीत चालतो, पण शुद्धलेखन त्याचे तुकडे करतं. 'परीक्षा' आणि 'परिक्षा' हे यंत्राच्या लेखी दोन वेगळे हॅशटॅग. 'विद्यार्थ्यांच्या'सारखे लांबलचक जोडाक्षरी शब्द टाळा. 'पुढाऱ्यांनो'मधला ऱ्य वेगवेगळ्या कीबोर्डवर वेगवेगळ्या संकेतांनी लिहिला जातो. डोळ्याला सारखा दिसतो, मोजणीत फुटतो. शब्दांमध्ये जागा किंवा जोडरेघ आली की हॅशटॅग तिथेच संपतो. आदल्या रात्री हॅशटॅग टाइप करायला सांगू नका, कॉपी करायला पाठवा.

आता मागणी. ऑगस्ट २०२४ मधलं पुण्यातलं आंदोलन आठवा. २५ ऑगस्टला एमपीएससीची संयुक्त पूर्वपरीक्षा आणि बँक भरतीची आयबीपीएसची परीक्षा एकाच दिवशी आली होती. दोन मागण्या होत्या: तारीख बदला, आणि कृषी सेवेची २५८ पदं याच परीक्षेत घ्या. तारखेची मागणी एका ओळीत सांगता येत होती, निर्णय घेणारा एकच होता (आयोग), आणि मुदत कॅलेंडरवर छापलेली होती. २० ऑगस्टच्या रात्री मुलं रस्त्यावर आली, २२ तारखेला आयोगाने परीक्षा पुढे ढकलली. कृषी पदांची गोष्ट वेगळी. आयोग मनाने पदं वाढवत नाही, संबंधित विभागाकडून शासनाचं मागणीपत्र यावं लागतं. म्हणजे टेबल दुसरं. दोन्ही मागण्या एकाच हॅशटॅगखाली आयोगालाच टॅग करून विचारल्या, तर दुसरीचं उत्तर "आमच्याकडे मागणीपत्र नाही" एवढंच मिळू शकतं, आणि ते खरंही असतं.

मार्च २०२१ मध्येही हेच दिसलं. १४ मार्चची परीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलल्याची घोषणा झाली, त्याच दिवशी शास्त्री रस्त्यावर गर्दी झाली, आणि परीक्षा २१ मार्चला झाली. मागणी एका तारखेची होती. "भरती प्रक्रियेत पारदर्शकता आणा" अशा मागणीवर मात्र कोणीही हो म्हणून मोकळा होतो, कारण हो म्हणायला काही खर्च नाही.

म्हणून पुढच्या वेळी हॅशटॅगच्या आधी एक पानाचं निवेदन तयार करा: विषय, संदर्भाचा जाहिरात किंवा परिपत्रक क्रमांक, मागणी, आणि कोणत्या तारखेपर्यंत निर्णय हवा. ते सकाळी दहाला कार्यालयाच्या आवक-जावक टेबलावर द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. अकरा वाजता पहिली पोस्ट त्या शिक्क्याच्या फोटोची. "आम्हाला असं काही मिळालंच नाही" हे वाक्य त्या फोटोने बंद होतं.

आमच्या शहरात रस्तारुंदीकरणासाठी झाडं तोडणार आहेत. इन्स्टाग्रामवर चित्रं, रील सगळं झालं. हरकती ईमेलने पाठवायच्या आहेत. एकच नमुना सगळ्यांनी पाठवला तर चालतो का?
– एक वाचक, कोल्हापूर

चालतो. पण नुसत्या नमुन्याच्या हजार ईमेलना कार्यालय एकच मुद्दा समजून एकच उत्तर देतं. नमुन्यात शेवटच्या तीन ओळी रिकाम्या ठेवा: मी कुठे राहतो, कोणतं झाड, मला काय फरक पडतो. मुद्दे वेगळे झाले की उत्तरंही वेगळी द्यावी लागतात.

मुदत आधी बघा. महाराष्ट्रातल्या नागरी भागांसाठी १९७५ चा वृक्ष कायदा आहे. त्यानुसार वृक्षतोडीची जाहीर सूचना वर्तमानपत्रात द्यावी लागते, झाडावर लावावी लागते आणि हरकतींसाठी किमान सात दिवस ठेवावे लागतात. सात दिवस म्हणजे काहीच नाही. चित्र काढण्यात चार गेले तर हातात तीन उरतात. म्हणून सूचनेचा फोटो मिळाला त्या संध्याकाळीच हरकतीचा मसुदा तयार हवा, रील दुसऱ्या दिवशी केलं तरी चालेल. झाडावर कागद लावलाच नसेल तर झाडाचा तारीख-वेळेसह फोटो काढून ठेवा. तो स्वतंत्र हरकतीचा मुद्दा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनी झाडं 'वारसा वृक्ष' ठरतात, त्यामुळे झाडाचं अंदाजे वय आणि जमिनीपासून छातीइतक्या उंचीवर मोजलेला बुंध्याचा घेर हरकतीत लिहा. शिंप्याची टेप पुरते.

हरकतीत एवढं हवंच: सूचनेचा क्रमांक व तारीख, तुमचं नाव आणि पूर्ण पत्ता, झाडाचा किंवा सूचनेतल्या कलमाचा क्रमांक, हरकत, तुम्हाला नेमकं काय हवं, आणि "मला प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी" ही ओळ. ही ओळ निम्मे लोक विसरतात. पत्ता नसलेली हरकत बाद करायला सोपी जाते. पाठवलेल्या मेलची पीडीएफ ठेवा, आणि शक्य तितक्यांनी कागदी प्रतही देऊन पोच घ्या. ईमेलची पेटी भरली की मेल परत येतात, आणि ते अनेकांच्या लक्षातही येत नाही.

इन्स्टाग्रामच्या मजकुरात दिलेली लिंक दाबता येत नाही, हे ध्यानात ठेवा. लिंक प्रोफाइलवर किंवा स्टोरीच्या स्टिकरमध्ये द्या. क्लिक केलं की मेल तयार उघडेल अशी सोय करणार असाल तर मजकूर आखूड ठेवा. लांब मराठी मजकूर काही फोनवर अर्ध्यात तुटतो. आधी तीन-चार वेगवेगळ्या फोनवर उघडून बघा.

आणि मेल सूचनेत छापलेल्या पत्त्यावरच जाऊ द्या. २०२० चं उदाहरण यासाठी महत्त्वाचं आहे. केंद्राच्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या मसुद्यावर देशभरातल्या तरुणांनी हरकतींची मोहीम चालवली आणि लाखोंनी मेल गेले. तेव्हाच्या पर्यावरणमंत्र्यांच्या पत्त्यावर एकाच विषयाचे मेल येत असल्याच्या तक्रारीनंतर फ्रायडेज फॉर फ्युचर इंडियासह काही गटांची संकेतस्थळं बंद झाली. दिल्ली पोलिसांनी एका नोटिशीत चक्क यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याचं कलम घातलं, मग ती चुकून गेल्याचं सांगत मागे घेतली. मोहिमेत बेकायदा काही नव्हतं असं आमचं मत. तरीही मंत्र्याची पेटी भरून टाकण्याने हरकतींची संख्या एकानेही वाढत नाही. त्याच मसुद्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि मसुदा आठव्या अनुसूचीतल्या भाषांत आणायला सांगितलं. तुमच्या प्रकल्पाची कागदपत्रं मराठीत नसतील, तर ती मागणीही हरकतीत घाला.

चित्रांना कमी लेखत नाही आम्ही. गोव्यात मोलेच्या अभयारण्यातून जाणारा दुपदरी लोहमार्ग, महामार्ग आणि वीजवाहिनी यांच्याविरुद्ध २०२० मध्ये मुलांनी काढलेल्या चित्रांनीच तो विषय घरोघरी नेला. पण लोहमार्गाची मंजुरी मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात रद्द झाली, ती याचिका आणि न्यायालयाला सल्ला देणाऱ्या केंद्रीय सक्षम समितीच्या अहवालाच्या वाटेने. मुंबईत मेट्रो कारशेडसाठी तोडायच्या आरेतल्या झाडांचं उलट झालं. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला तोड थांबवली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडं गेली होती. निकालाच्या दिवसासाठी अपिलाचे कागद आणि वकील तयार हवेत.

हरकतींचं काय झालं, हे माहिती अधिकारात विचारा. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्राच्या नियमांनुसार एक विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, उत्तराला ३० दिवस. "का केलं?" विचारू नका, जनमाहिती अधिकारी कारणमीमांसा देत नाही. "अमुक सूचनेवर आलेल्या हरकतींची संख्या, सुनावणीचं इतिवृत्त आणि निर्णयाच्या टिप्पणीची प्रत द्यावी" असं मागा. उत्तर आलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला वीस रुपये. पुढे ९० दिवसांत दुसरं.

मुलाने एका नेत्यावर टीका करणारी पोस्ट टाकली. पोलीस ठाण्यातून व्हॉट्सअॅपवर नोटीस आली आहे. त्याला सरकारी नोकरीची तयारी करायची आहे. आम्ही फार घाबरलो आहोत.
– एक आई, जळगाव

ताई, आधी नोटिशीच्या माथ्यावरचं कलम वाचा. आता तीन गोष्टी प्रामुख्याने येतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६८ असेल तर ती प्रतिबंधात्मक नोटीस: 'असं काही घडू देऊ नका' अशी समज. तो गुन्हा नोंदवल्याचा कागद नाही. कलम ३५(३) असेल तर गुन्ह्याच्या चौकशीला हजर राहण्याची नोटीस आहे; ठरल्या दिवशी हजर राहून सहकार्य केलं तर सहसा अटक होत नाही, आणि करायचीच तर पोलिसांना कारणं लेखी नोंदवावी लागतात. नुसतंच "ठाण्यात येऊन भेटा" असं असेल तर लेखी नोटीस मागता येते. कलम ३५ ची नोटीस व्हॉट्सअॅपवर बजावता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. तरी हे वाक्य ठाण्यात वाद घालायला वापरू नका. वकिलामार्फत लेखी उत्तर द्या आणि तारीख पाळा.

कोणी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ लावलं असेल तर ते कलम जिवंतच नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुक पोस्टवरून अटक झाली, त्यानंतर कायद्याच्या एका विद्यार्थिनीने याचिका केली आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं. त्यानंतरही कित्येक वर्षं काही ठाण्यांत ते लागत राहिलं. आज अशा प्रकरणांत जास्त दिसतात ती भारतीय न्याय संहितेची १९६ (गटागटांत वैर), २९९ (धार्मिक भावना), ३५३ (अफवा, चिथावणी) आणि ३५६ (बदनामी). नेत्याच्या धोरणावर कडक टीका यांत बसत नाही. जात, धर्म किंवा त्याच्या घरच्या बायकांबद्दल एक शब्द आला की बसू शकते. मुलाच्या पोस्टमध्ये असा शब्द आहे का, ते शांतपणे वाचा, आणि वकिलाला मूळ पोस्ट दाखवा, सांगोवांगी नको.

पोस्ट घाईने पुसू नका. आधी पोस्ट, तिची वेळ, खालच्या प्रतिक्रिया आणि मिळालेली नोटीस यांचे स्क्रीनशॉट घ्या. पोस्ट काढायची की नाही हे वकील ठरवू दे. पुरावा नष्ट केल्याचा आरोप नसलेलं दुखणं मागे लावतो. फोन जप्त केला तर पंचनाम्याची प्रत आणि फोनच्या आयएमईआय क्रमांकाची नोंद मागा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, राष्ट्रीय मदतवाहिनी १५१००.

नोकरीचं म्हणाल तर नुसत्या गुन्ह्याच्या नोंदीने दार बंद होत नाही. चारित्र्य पडताळणीच्या अर्जात विचारलेली माहिती लपवली, तर मात्र नेमणूक जाऊ शकते. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याबद्दल सविस्तर निकष घालून दिले आहेत. विचारलं तेवढं खरं लिहायचं, निकालाची प्रत जोडायची.

मोर्चाचे व्हिडिओ टाकताना काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, नांदेड

दोन प्रती करा. मूळ फाइलला हात लावायचा नाही, ज्या फोनवर चित्रण झालं त्यात ती राहू द्या. डिजिटल पुरावा न्यायालयात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (त्या फाइलवरून काढलेली, तिचीच ओळख सांगणारी खूण) लिहावं लागतं. कापाकापी केली की ते बदलतं. चित्रणाच्या सुरुवातीला ठिकाण, तारीख आणि वेळ तोंडाने बोला.

टाकायच्या प्रतीत अल्पवयीन मुलांचे चेहरे, शाळेचे गणवेश, ओळखपत्रं आणि गाड्यांचे नंबर झाका. झाकताना फोनमधलं हायलायटर पेन वापरू नका. प्रकाश वाढवला की खालची अक्षरं वाचता येतात. भरीव काळा चौकोन हवा. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलं तर दर्जा घटतो आणि स्थळाची माहितीही निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर दोन्ही तशीच राहतात. वकिलाला डॉक्युमेंट पाठवा, गटावर फोटो.

आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप मोठा आहे. कोणी काही भडक टाकलं तर अॅडमिन अडकतो का?
– एक कार्यकर्ती, बीड

नुसता अॅडमिन आहे म्हणून नाही. गोंदियातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये हेच म्हटलं: सदस्याच्या पोस्टमागे अॅडमिनचा समान उद्देश किंवा संगनमत दिसलं नाही तर त्याच्यावर जबाबदारी ढकलता येत नाही. पण तुम्ही त्या पोस्टवर हसरा चेहरा टाकलात, तर संगनमताची चर्चा तिथून सुरू होते. पोस्ट 'सर्वांसाठी' काढा, त्या माणसाला ग्रुपबाहेर करा, कारण एका ओळीत ग्रुपवर लिहा.

सूचनांचा आणि गप्पांचा ग्रुप वेगळा ठेवा. सूचनांच्या ग्रुपवर फक्त अॅडमिनना लिहिता येईल असं करा, नाहीतर मोर्चाची वेळ शुभ सकाळच्या फुलांखाली गडप होते. अनेकदा फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातो, म्हणून महत्त्वाची सूचना फॉरवर्ड होऊ देण्यापेक्षा तालुक्यातल्या प्रत्येकाने नव्याने टाइप करून टाकावी. ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांची असते, आणि ज्याने तुमचा नंबर जतन केलेला नाही त्याला मेसेज जात नाही.

आमचं पेज अचानक कोणाला दिसेनासं झालंय. सरकारने दाबलं का?
– एक विद्यार्थी, रत्नागिरी

शक्यता शेवटी धरा. आधी इन्स्टाग्रामच्या सेटिंगमधलं 'अकाउंट स्टेटस' उघडा. कोणती पोस्ट काढली, खातं अनोळखी लोकांना सुचवलं जातंय की नाही, ते तिथे दिसतं, आणि तिथूनच फेरविचाराची विनंती करता येते. नेहमीची कारणं साधी असतात: दुसऱ्याचं संगीत, मारहाणीचं उघड चित्रण, किंवा विरोधकांनी एकगठ्ठा केलेल्या तक्रारी. तिथे दाद लागली नाही तर कंपनीच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. पोच २४ तासांत द्यावी लागते. त्याचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं, शुल्क नाही. हा रस्ता फार थोडे वापरतात.

मी न्यू जर्सीत असतो. गावाकडच्या मुलांच्या आंदोलनाला बॅनर आणि जाहिरातीसाठी पैसे पाठवायचे आहेत. चालेल का?
– एक वाचक, अमेरिका

पासपोर्ट कोणता, त्यावर आहे. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असाल, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. अमेरिकी नागरिकत्व घेतलं असेल, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं ओसीआय कार्ड असलं तरीही, तुम्ही परदेशी स्रोत ठरता आणि एफसीआरए हा परदेशी देणग्यांचा कायदा लागू होतो. राजकीय स्वरूपाच्या संघटनांना असे पैसे घेण्याची बंदीच आहे. मुलांचं भलं हवं असेल तर पैसे पाठवू नका. वेळ द्या: मसुदे तपासा, भाषांतर करा.

इथल्या मुलांसाठी: वर्गणी एकाच्या वैयक्तिक यूपीआयवर घेऊ नका. दोघांच्या सहीचं वेगळं खातं, आणि दर आठवड्याला जमाखर्चाचा फोटो ग्रुपवर.

निवडणुकीत एका उमेदवाराचा माणूस आमच्या पेजवर पोस्ट टाकायला पैसे देतोय. दुसऱ्या उमेदवाराची पोस्ट आम्ही स्वखुशीने पैसे भरून पसरवणार (बूस्ट करणार) होतो. दोन्हींत काय धोका?
– पेज चालवणारे तिघे, नाशिक

पहिल्यात तो खर्च उमेदवाराच्या खर्चात दिसायला हवा, आणि पोस्टवर ती पैसे घेऊन टाकल्याचं लिहायला हवं. रोख देतो आणि गप्प राहा म्हणतो, तर उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. विधानसभा-लोकसभेला समाजमाध्यमांवरच्या राजकीय जाहिराती माध्यम प्रमाणन समितीकडून आधी मंजूर करून घ्याव्या लागतात. पालिका आणि जिल्हा परिषदेसाठी राज्य निवडणूक आयोगाचे आदेश बघा. मेटाच्या राजकीय जाहिरातींना ओळखपत्राची पडताळणी आणि 'पैसे कोणी दिले' ही ओळ लागते, आणि ती जाहिरात सात वर्षं सार्वजनिक संग्रहात राहते.

दुसऱ्यात धोका जास्त, कारण तो कोणाच्या लक्षात येत नाही. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च करणं हा न्याय संहितेच्या कलम १७६ खाली गुन्हा आहे, दंड दहा हजार रुपयांपर्यंत. खर्च दहा रुपयांच्या आत असेल तर दहा दिवसांत परवानगी मिळवून सुटता येतं. ही दहा रुपयांची सवलत जुन्या कायद्यातून जशीच्या तशी आली आहे, आणि त्यात आज काय बूस्ट होणार? तेव्हा बूस्टचं बटण दाबण्याआधी उमेदवाराचं सही-तारखेचं पत्र घ्या, त्यावर रक्कम लिहून घ्या, आणि कंपनीची पावती त्यांच्या खर्चाच्या हिशोबासाठी त्याच दिवशी पाठवा.